पिवळ्या कागदाची खोली

आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थी इंग्रजी लघुकथांच्या वाचनांत एक गोष्ट वाचतात. तिचें नांव ‘दि यलो वॉलपेपर’, म्हणजे भिंतीला चिकटविलेला पिवळा कागद. ती प्रथम सन १८९२ च्या जानेवारींत अमेरिकेंतील ‘न्यू इंग्लंड मॅगझीन’ या मासिकांत प्रसिद्ध झाली. त्या वेळीं लेखिकेचें नांव शार्लट पर्किन्स स्टेटसन असें होतें. पुढें दुसऱ्या विवाहानंतर त्या गिल्मन या नांवानें ख्याति पावल्या. ही गोष्ट शाळेंत वाचावयास द्यावी कीं नाहीं, याविषयीं कांहीं पालकांनीं आमच्यापाशीं शंका काढली आहे. एका बाईला वेड लागतें, तें वाढत जातें आणि गोष्ट तेथेंच संपते. असलें उदास वाचन कोवळ्या मनाला कशाला, असा त्यांचा सवाल आहे. सवाल रास्त आहे, आणि त्याचें उत्तर या वार्षिकाच्या पानांतून द्यावें असें आम्हांस वाटलें. कारण तें जसें पालकांस द्यावयाचें आहे तसेंच विद्यार्थ्यांसही द्यावयाचें आहे. पालक गोष्टीला भितात, आणि विद्यार्थी ती भलत्याच रीतीनें वाचून तिच्यावर खूष होतात. आमच्या मतें दोघांच्याही हातून एकच वस्तु निसटते.

शंका नवी नाहीं हें प्रथम सांगूं. ‘अटलांटिक मंथली’ या नामांकित मासिकाचे संपादक होरेस स्कडर यांच्याकडे ही गोष्ट गेली, तेव्हां त्यांनीं ती परत केली. कारण काय, तर ती वाचून आपण जितके खिन्न झालों तितकें इतरांस केलें तर आपण स्वतःस क्षमा करूं शकणार नाहीं. पुढें ती छापली गेल्यावर बॉस्टनच्या एका डॉक्टरानें वर्तमानपत्रांत तक्रार केली कीं, असलें लेखन वाचून चांगल्या माणसालाही वेड लागेल. कॅन्सस प्रांतांतील दुसऱ्या एका डॉक्टरानें मात्र उलट कळविलें कीं, वेडाची सुरुवात कशी होते याचें इतकें अचूक वर्णन आपल्या पाहण्यांत नाहीं. एकाच धंद्यांतील हीं दोन माणसें! दोन्ही हकीकती गिल्मनबाईंनींच सन १९१३ मध्यें एका छोट्या लेखांत नमूद केल्या आहेत, आणि आपला हेतु वेड लावण्याचा नसून वेडापासून वांचविण्याचा होता असा खुलासा केला आहे.

आतां गोष्ट. एक तरुण बाई नुकतीच बाळंत झालेली आहे. तिचें चित्त थाऱ्यावर नाहीं. उगाच रडूं येतें, बाळाजवळ बसवत नाहीं, जीव घाबरा होतो. तिचा नवरा जॉन डॉक्टर आहे, तिचा भाऊही डॉक्टर आहे. दोघांचा निकाल एकच कीं, खरें दुखणें कांहींच नाहीं, मज्जातंतु थोडे दुबळे झाले आहेत. विश्रांति घे, मोकळी हवा खा, आणि लेखन वगैरे उद्योग पूर्ण बंद कर. उन्हाळ्यापुरतें तीं एक जुनें प्रशस्त घर भाड्यानें घेतात. बाईला खालची, गुलाबाच्या वेलीची खोली आवडते. जॉन माडीवरची मोठी खोली पसंत करतो. त्या खोलीच्या खिडक्यांना गज आहेत, भिंतींत कड्या ठोकलेल्या आहेत, जिन्याच्या तोंडाशीं फाटक आहे आणि खाट जमिनीला खिळलेली आहे. पूर्वीं ही लहान मुलांची खोली असावी, असें बाई समजते. भिंतींवर पिवळा कागद आहे, जागोजाग फाटलेला.

प्रारंभीं तिला त्या कागदाचा नुसता तिटकारा येतो. नक्षीला ना शेंडा ना बुडखा. रंग मळका, उन्हानें विटलेला. मग करण्यासारखें दुसरें कांहींच नसल्यामुळें ती निजल्या निजल्या नक्षीचा माग काढूं लागते. थोड्या दिवसांनीं तिला वरच्या नक्षीच्या मागें दुसरी एक फिकट नक्षी दिसूं लागते. मग तींत एक आकृति. मग ती आकृति बाईची आहे अशी खात्री पटते. चांदण्यांत तर वरची नक्षी म्हणजे चक्क गज, आणि ती बाई त्या गजांआड कोंडलेली! ती गज हालवते. कागदाला वास येतो. तो साऱ्या घरांत पसरतो, केसांतही शिरतो. अखेरच्या दिवशीं आमची नायिका खोलीला आंतून कुलूप लावते, किल्ली खालीं बाहेर फेंकते आणि हाताला लागेल तितका कागद ओरबाडून काढते. जॉन दार उघडून आंत येतो तेव्हां त्याची बायको भिंतीच्या कडेकडेनें रांगत असते. कागदामागून बाहेर पडलेली बाई ती आपणच, अशी तिची समजूत झालेली असते. जॉन मूर्च्छा येऊन पडतो. ती थांबत नाहीं. वाटेंत आडव्या पडलेल्या त्याच्या देहावरून रांगत पुढें जाते.

बाजारांत मिळणाऱ्या मार्गदर्शकांत या गोष्टीचा अर्थ चार ओळींत उरकलेला असतो. कागद म्हणजे समाज, गज म्हणजे पुरुषांची सत्ता, कागदामागची बाई म्हणजे समस्त स्त्रीजात. विद्यार्थी तें पाठ करतात आणि त्यांस गुणही मिळतात. असल्या उत्तरांत खोटें कांहीं नाहीं, पण वाचलेलेंही कांहीं नाहीं. प्रतीक म्हणजे वाण्याच्या बरणीवर चिकटविलेली चिठ्ठी नव्हे. या गोष्टींतील गज आधीं खरोखरीचे लोखंडी गज आहेत, आणि ते तेथें कां आहेत हें विद्यार्थ्यानें प्रथम विचारावें. बाई म्हणते, लहान मुलांच्या रक्षणासाठीं. वाचकाला मात्र हळूहळू दुसरीच शंका येऊं लागते कीं, या खोलींत पूर्वीं कोणाला तरी डांबून ठेवलें असावें. एकच गज दोन अर्थ वाहतो, एक रक्षणाचा आणि दुसरा बंदिवासाचा. गोष्टीची नाडी येथें आहे. जॉनलाही आपण रक्षणच करीत आहों असें मनापासून वाटतें. तो तिच्यावर रागावत नाहीं, तिला लाडानें हांक मारतो, उचलून जिना चढवतो, रात्रीं वाचून दाखवतो. तो दुष्ट असता तर गोष्ट सोपी झाली असती आणि आम्ही ती वर्गांत वाचलीही नसती.

आणखी एक खूण बहुतेकांच्या नजरेंतून सुटते. भिंतीच्या तळाशीं, जमिनीलगत, खोलीभर फिरलेला एक घासल्याचा लांब पट्टा आहे. हा कोणी व कां केला असेल, याचें बाईला नवल वाटतें. त्याआधीं सहज जातां जातां सांगितलेलें असतें कीं, जॉनच्या बहिणीला तिच्या कपड्यांवर पिवळे डाग आढळले. शेवटीं रांगतांना तिचा खांदा त्याच पट्ट्यांत नेमका बसतो. म्हणजे ती कधींपासून रांगत होती? तिनें तें आपणांस सांगितलें नाहीं. कदाचित् तिला स्वतःलाही तें ठाऊक नव्हतें. ही सारी गोष्ट नवऱ्याच्या नकळत लिहिलेल्या रोजनिशीच्या रूपानें आहे, तेव्हां तिच्या मनाचा ऱ्हास आपणांस तिच्याच तोंडून कळावयाचा. आणि ढळत्या बुद्धीचा माणूस ‘माझी बुद्धि ढळत आहे’ असें लिहीत नसतो. तें काम भिंतीवरच्या डागाला करावें लागतें. आणखी पाहा, जसजशी ती आंतून ढांसळते तसतशी बाहेरून बरी दिसूं लागते. नीट जेवते, शांत असते, तिला जगण्यांत गोडी वाटूं लागते. जॉनला समाधान वाटतें.

गिल्मनबाईंनीं हें कल्पनेनें रचलें नाहीं. सन १८८७ मध्यें, मुलीच्या जन्मानंतर आलेल्या खिन्नतेवर उपचार घेण्यासाठीं त्या फिलाडेल्फिया शहरीं सायलस वेअर मिचेल या प्रख्यात डॉक्टरांकडे गेल्या होत्या. मिचेल यांची ‘विश्रांति-चिकित्सा’ तेव्हां गाजत होती: आठवडेच्या आठवडे अंथरुणावर पडून राहणें, घरच्या माणसांपासून दूर ठेवणें, दूध व पौष्टिक अन्न भरपूर देणें, अंग चोळणें, विजेचे सौम्य धक्के देणें. घरीं परततांना त्यांस आज्ञा झाली कीं, होतां होईल तों घरकामांतच राहावें आणि लेखणी किंवा कुंचला जन्मभर हातीं धरूं नये. त्यांनीं कांहीं महिने ती पाळली आणि त्या वेडाच्या उंबरठ्यापर्यंत पोंचल्या. मग आज्ञा मोडून त्या कामाला लागल्या आणि बऱ्या झाल्या. गोष्टीची एक प्रत त्यांनीं मिचेल यांस पाठविली. पोंच आली नाहीं. पुढें त्या डॉक्टरांनीं आपली पद्धति बदलली असें त्यांच्या कानीं आलें, पण मिचेल यांच्या स्वतःच्या लेखनांत त्याचा पुरावा सांपडलेला नाहीं.

फिलाडेल्फिया हें नांव मराठी वाचकास परकें नसावें. मुलुंडाहून त्याच रुळांनीं पुढें गेलें कीं जें कल्याण लागतें, तेथील आनंदीबाई जोशी याच शहरांतील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून सन १८८६ च्या मार्चमध्यें डॉक्टर झाल्या. गिल्मनबाई उपचारास तेथें गेल्या त्याआधीं थोडेच दिवस, २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, आनंदीबाई पुण्यास निवर्तल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदु लोकांतील प्रसूतिशास्त्र हा होता. तो त्यांनीं कां निवडला याची कल्पना करणें कठीण नाहीं. चौदा वर्षांच्या वयांत झालेलें त्यांचें पहिलें मूल दहा दिवसांतच गेलें होतें.

बाळंतिणीची खोली आमच्याकडेही होती. जुन्या वाड्यांत राहिलेल्या आजीला विचारा. अंधारी, कोंदट, वारा लागूं नये म्हणून खिडक्या बंद, खाटेखालीं शेगडी, ओवा व बाळंतशेपा यांची धुरी, उशाशीं विळा. डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या त्या धुराचें समर्थन आम्ही करणार नाहीं. परंतु आमच्या त्या काळोख्या खोलींत एक वस्तु होती जी जॉनच्या हवेशीर खोलींत नव्हती. पहिलें बाळंतपण माहेरीं होई. आई, आजी, मावशी, शेजारीण यांची ये-जा असे. बाळंतीण रडली तर तिच्याबरोबर रडणारें कोणी तरी असे. जॉनच्या बायकोला माहेर नाहीं, असें म्हटलें कीं आमच्या मुलींना गोष्ट चटकन् कळते. मार्गदर्शकाच्या चार ओळींनीं कळत नाहीं. मात्र याचा अभिमान बाळगण्याचें कारण नाहीं. माहेरींसुद्धां बाळंतिणीचें मन उदास झालें तर ‘बाहेरचें कांहीं लागलें’ असें म्हणून अंगारा लावीत, आणि तुला काय होतें असें तिला विचारणारें माणूस विरळाच.

गिल्मनबाई गोष्ट लिहीत होत्या त्याच सुमारास इकडे पुण्यास हरि नारायण आपटे सन १८९० मध्यें सुरू झालेल्या आपल्या ‘करमणूक’ पत्रांतून ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः लिहीत होते. तीही एका तरुण स्त्रीनें स्वतःची हकीकत सांगावी अशा रूपांत आहे. यमूला नवऱ्याच्या पश्चात् सासरचीं माणसें कोंडींत धरतात, बळजबरीनें तिचें केशवपन करतात, आणि ती अकालीं मरते. दोघा लेखकांना एकमेकांची वार्ता असण्याचा संभव दिसत नाहीं. यमूचा छळ उघड आहे, छळणारा ओळखूं येतो, म्हणून तिची बुद्धि शेवटपर्यंत शाबूत राहते आणि देह खचतो. अमेरिकन बाईला छळणाराच कोणी दिसत नाहीं. सगळे तिचें भलें करण्यासाठीं झटत असतात. म्हणून देह टिकतो आणि बुद्धि जाते. दुसरें दुःख पहिल्याहून हलकें आहे असें आम्हांस वाटत नाहीं. आपट्यांच्या कादंबरीचें नांव मात्र गिल्मनबाईंच्या गोष्टीलाही जसेंच्या तसें शोभलें असतें.

आतां विद्यार्थ्यांशीं आमचा मतभेद. गोष्ट संपली कीं वर्गांत दरवर्षीं कोणी तरी उत्साहानें म्हणतो कीं शेवटीं बाई जिंकली. कागद फाडला, स्वतंत्र झाली, नवरा आडवा पडला. अनेक विद्वान् टीकाकारांनींही या अंगाचें मत दिलेलें आहे, तेव्हां मुलांस दोष देतां येत नाहीं. पण आम्हांस तें मान्य नाहीं. जिंकलेला माणूस रांगत नाहीं. तिनें दाराला स्वतः कुलूप लावलें आहे, स्वतःला दोरीनें बांधून घेतलें आहे, खोलीबाहेर जावयास ती तयार नाहीं, आणि तिचा खांदा भिंतीवरच्या त्या पट्ट्यांतून हालत नाहीं. कोंडणारा मूर्च्छित पडला तरी कोंडलेली त्याला वळसा घालून दाराबाहेर पडत नाहीं, यांत विजय कसला? एका आजारी माणसाच्या सर्वनाशाला क्रांतीचें नांव देऊन टाळ्या वाजविणें हें जॉनच्या वागण्याइतकेंच निर्दय आहे; दोन्हीकडे त्या बाईचें दुखणें कोणी पाहत नाहीं. सुटल्या त्या गिल्मनबाई. त्या उठल्या, पुढें ‘विमेन अँड इकॉनॉमिक्स’ सारखा ग्रंथ त्यांनीं सन १८९८ मध्यें लिहिला, आणि सन १९३५ पर्यंत त्या जगल्या. (परकीय वंशांविषयींचीं त्यांचीं मतें वाचून पुढें खेद होतो, हेंही मोठ्या विद्यार्थ्यांनीं जाणून असावें.) नायिकेला त्यांनीं खोलींतच ठेवलें, सोडवलें नाहीं, आम्हांस त्यांचें हें धैर्य अधिक वाटतें.

मुलुंडच्या मुलांस हा विषय दूरचा मानतां येणार नाहीं. चेकनाका ओलांडला कीं ठाण्याचें मनोरुग्णालय. सन १९०१ पासून तें तेथें आहे. ठाणें व मुलुंड यांच्या दरम्यानचें नवें रेल्वे स्थानक योजिलें आहे तें त्याच्याच जागेच्या कांहीं भागावर. मधल्या सुट्टींत ‘ह्याला ठाण्याला पाठवा’ असें एकमेकांस म्हणणारीं मुलें आमच्या कानांवर येतात, आणि तीं तसें म्हणतात कारण घरींही तसें म्हटलें जातें. कायद्याची भाषा तरी हळूहळू सुधारली आहे. सन १९१२ च्या कायद्याचें इंग्रजी नांवच वेडेपणाचा कायदा असें होतें. तो जाऊन १९८७ चा मानसिक आरोग्याचा कायदा आला. ६ ऑगस्ट २००१ रोजीं तामिळनाडूंतील एरवाडी येथें एका खाजगी आश्रयस्थानास आग लागली आणि साखळ्यांनीं बांधलेल्या रुग्णांस पळतां आलें नाहीं. २८ जण गेले. त्यांनाही तेथें नातेवाइकांनीं बरें व्हावें म्हणूनच आणून ठेवलें होतें. सन २०१७ चा कायदा २९ मे २०१८ पासून अमलांत आला. त्यानें रुग्णास साखळीनें बांधणें आणि एकांत कोठडींत ठेवणें यांस स्पष्ट मनाई केली आहे. बाळंतपणानंतर येणारी खिन्नता हा उपचारानें बरा होणारा आजार आहे, हेंही आतां कोणतीही परिचारिका सांगेल. आणि कोणाशीं बोलावें हें सुचत नसेल तर सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. घरांत कोणी बाळंत होणार असेल त्यांनीं तो लिहून ठेवावा.

पालकहो, मुलुंडच्या कोणत्याही इमारतीकडे मान वर करून पाहा. बहुतेक प्रत्येक खिडकीला लोखंडी जाळी आहे. ती मुलांच्या रक्षणासाठीं बसविलेली आहे, आणि बसवावीच लागते. आमचें म्हणणें जाळीविषयीं नाहीं. दहावीचें वर्ष आलें कीं मुलाला एक खोली मिळते. मैदान बंद, पेटी बंद, चित्रांची वही माळ्यावर जाते, मित्राचा दूरध्वनि आला तर ‘तो अभ्यास करतो आहे’ असें बाहेरच्या बाहेर सांगितलें जातें. दूध, बदाम, पंखा, दिवा, कशाची उणीव नसते. पालकसभेंत आई-वडील समाधानानें सांगतात कीं, मुलगा आतां शांत झाला आहे, उलट बोलत नाहीं, वेळेवर जेवतो. आम्हांस त्या वेळीं जॉनचें समाधान आठवतें. मुलगा शांत झाला असेल तर आनंदच आहे. पण तो शांत झाला कीं बोलावयाचा थांबला, हें भिंतीवरच्या डागावरून ओळखण्याची वेळ घरांतल्यांवर येऊं नये, एवढ्यासाठीं ही उदास गोष्ट आम्ही वाचतों आणि पुढेंही वाचणार आहों.

विद्यार्थ्यांस एक सूचना. ‘पिवळ्या कागदाचें प्रतीक स्पष्ट करा’ हा प्रश्न या विषयाच्या प्रश्नपत्रिकेंतून आम्हीं काढून टाकला आहे. त्याऐवजीं पुढील प्रश्न येईल: जॉननें बायकोला एक प्रश्न विचारावयास हवा होता, तो कोणता, आणि गोष्टीच्या कोणत्या पानावर? ज्या पालकांस उत्तर लिहून पाहावेंसें वाटेल त्यांनीं तें मुलाच्या वहीबरोबर पाठवावें. तेंही तपासून परत करूं.